पोरगं 'ताठ' आहे म्हणून ताणत सुटलात? आधी या चुका टाळा

"सर, आमचा फार ताठ आहे हो, जरा मोकळा करा त्याला." कबड्डीच्या मैदानावर पालकांचं हे वाक्य ऐकून कान किटलेत.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे सिट अँड रीचच्या आकड्यावरून पोराला ताठ ठरवणं. शाळेत फिटनेस टेस्ट होते, पोरगं पाय लांब करून बसतं, पेटीवरची पट्टी ढकलतं, आकडा कमी आला की शेरा मारून सर मोकळे. अहो, पण त्याची ठेवण तरी बघा! पाय लांब, धड आखूड, हात बेताचे, मग बोटं पोचणार कशी? आणि शेजारचा आखूड पायांचा, लांब हातांचा गडी मांडीमागचे स्नायू आवळलेले असूनही आरामात पुढे जातो. मी पोराला सरळ उताणं झोपवतो, एक पाय जमिनीला टेकलेला, दुसरा गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर घेतो, कंबर उचलायला लागली की थांबतो. 80 अंशांच्या आसपास गेला तर हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंची, काही तक्रार नाही. मग तोच पाय त्याला स्वतःच्या जोरावर उचलायला सांगतो. मी उचलल्यावर 80 आणि स्वतःहून जेमतेम 50, असं असेल तर कमी काय आहे? ताकद! त्याला अजून ताणून काय मिळणार?

दुसरी चूक पाठीवर बसण्याची. एका क्लासमध्ये डोळ्यांनी बघितलंय. चौदा वर्षांचा मुलगा, उंची एकदम सुटलेली, आदल्या वर्षी बऱ्यापैकी स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पूर्ण फाकवून बसणं) बसायचा, आता बसेना. कोच म्हणाले आळशी झालाय, आणि त्याला पुढे वाकवून दोन पोरं पाठीवर बसवली. पोरगं किंचाळलं, कुल्ल्याखाली हात धरून आडवं पडलं. घरी आठवडाभर तेल चोळणं चाललं होतं, शेवटी एक्स-रे काढला तर बसायच्या हाडाचा तुकडा हॅमस्ट्रिंगने ओढून सुटलेला. सीझन गेला. या वयात हाड आधी लांब होतं, स्नायू मागून येतात, म्हणून काल जमणारं आज जमत नाही, यात आळस कुठून आला? आणि स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथे अजून कूर्चा असते, जोर लावला की आधी तीच जाते. उंचीचा हा वेग मुलींत साधारण 12 आणि मुलांत 14 च्या आसपास सगळ्यात जास्त असतो. मी भिंतीवर दर महिन्याला पेन्सिलने खूण करतो, खुणा भराभर वर सरकायला लागल्या की त्या पोराचं ताणणं हलकं.

"वेट मारलं की अंग ताठ होतं" म्हणणाऱ्यांनी एकदा वेटलिफ्टरला स्नॅच मारताना बघावं, डोक्यावर बार घेऊन तळाशी बसलेला असतो. फक्त बैठका अर्धवट मारू नका. पूर्ण खाली जा, हलकं वजन घ्या, सावकाश उतरा, ताकदीबरोबर लवचिकताही येते.

रेडच्या आधी एकेक स्नायू मिनिटापेक्षा जास्त ताणून धरू नका, उडी आणि वेग थोडा उतरतो. आधी पाय झुलवा, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं) मारा, निवांत ताणणं प्रॅक्टिसनंतर.

अंगठा मनगटाला टेकतो, कोपर उलटं वाकतं, अशा पोरीला सगळे टाळ्या देतात आणि अजून वाकवतात. तिचे सांधे मुळातच ढिले, तिला स्ट्रेचिंग नको, जोर आणि बैठका द्या.

गुडघ्याखाली नडगीच्या टोकाला टेंगूळ येऊन दुखत असेल तर उड्या कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा, "वाढीचं दुखणं आहे" म्हणून पळवू नका.

आणि ते 'तीस दिवसांत स्प्लिट'वाले रील मला पाठवू नका. रीलमधली पोरगी बहुतेक पाच-सहा वर्षांची असताना जिम्नॅस्टिक्सला लागलेली असते, तुमचा गेल्या महिन्यात मैदानात आलाय.