स्नोड्रॉपचे दुर्मीळ वाण जमवताय? या चुका टाळा

निफाडकडे उन्हाळी कांदा काढायचा झाला की आधी माना पडल्या का ते बघतात. मग कांदा उपटायचा, पातीखाली झाकून शेतातच सुकवायचा, पात कापायची आणि चाळीत भरायचा. नीट सुकलेला कांदा महिनोन् महिने टिकतो. हे लहानपणापासून डोळ्यांसमोर असल्यामुळे इंग्लंडला आल्यावर स्नोड्रॉपचे, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी पांढरं फूल देणाऱ्या छोट्या झाडाचे, पहिले नऊ कंद मी तसेच हाताळले. जूनमध्ये पात पिवळी पडून लोळली, कंद काढले, खडखडीत सुकवले आणि कागदी पिशवीत घालून ऑक्टोबरपर्यंत ठेवले. लावायला घेतले तेव्हा सात कंद बोटांनी दाबताच चुरले.

स्नोड्रॉप, म्हणजे गॅलँथस, कांदा-लसणाच्याच कुळातला. आपल्या कुंड्यांत पहिल्या पावसाबरोबर फुलणारी रेन लिलीही याच कुळातली. पण स्वभाव वेगळा. कांद्यावर कोरड्या सालींचे थर असतात; याच्यावर एक पातळ तपकिरी पापुद्रा, बस. मूळचा तो कॉकेशस, तुर्कस्तान, बाल्कन भागातल्या पानगळीच्या जंगलांतला आणि डोंगरउतारांवरचा. पानं झडल्यावरही तो मातीतच, कुजक्या पाल्याखाली झोपतो. उघड्या हवेत महिनोन् महिने पडून राहणं त्याला सोसत नाही.

म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पातीसकट घ्यावेत, मुळं ओल्या कागदात गुंडाळून आणावेत आणि त्याच दिवशी लावावेत. नाहीतर जून-जुलैमध्ये झोपलेले कंद काढून आठवड्याच्या आत परत मातीत घालावेत. थांबावंच लागलं तर किंचित दमट व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणारे हलके खनिज दाणे), थंड जागी. सप्टेंबरपासून नवी मुळं सुटू लागतात, तेव्हा ऑगस्टअखेर सगळं उरकलेलं बरं. दुकानात पाकिटातून सुके कंद मिळतात ते बहुधा एल्वेसी किंवा वोरोनोवी जातीचे. घेताना दाबून बघा. टणक असेल तोच घ्या.

एकाच कंदावर सगळा जीव

२०१५ मध्ये ‘गोल्डन फ्लीस’चा एक कंद इंटरनेटवरच्या लिलावात १,३९० पौंडांना गेला. २०२२ मध्ये ‘गोल्डन टिअर्स’ १,८५० पौंडांवर पोचला. असे आकडे वाचले की नवा माणूस पैसे साठवून एक कंद घेतो आणि घरातून दिसेल अशा जागी एकटाच लावतो. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच चुकीची. नाव असलेला प्रत्येक वाण म्हणजे पहिल्या एका कंदाचे तुकडे. तुमच्याकडे एकच तुकडा असेल तर एक अळी आणि एक ओला हिवाळा पुरे.

सॉमरसेटमधल्या शेप्टन मॅलेटचे जेम्स ॲलन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुद्दाम संकर करून शंभरावर नवी रोपं वाढवली. स्नोड्रॉपच्या पैदाशीत त्यांच्याइतकं काम तोवर कुणी केलं नव्हतं. बुरशी आणि कंदात अळी सोडणाऱ्या नार्सिसस माशीने त्यातली बहुतेक खाल्ली. ‘मॅग्नेट’ आणि ‘मर्लिन’ मात्र आज बागोबाग दिसतात, कारण ते एका वाफ्यात अडकून राहिले नाहीत.

तेव्हा एकाचे दोन झाले की दुसरा कंद बागेच्या दुसऱ्या टोकाला लावा. तीन झाले की एक ओळखीच्या माळ्याला द्या. तुमचा गेला तर तोच तुम्हाला परत देईल. हे मी दोनदा अनुभवलंय.

उगवलंच नाही, तर उकरून बघा

जानेवारीत वाट बघून माणूस हताश होतो आणि तो वाफा विसरून जातो. तसं करू नका; कारण कळल्याशिवाय उपाय नाही.

कोंब वर येऊन खुरटला असेल आणि त्यावर राखाडी लव असेल, तर ती बोट्रायटिस बुरशी. कंद आजूबाजूच्या मातीसकट उचला, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये अजिबात नको. त्या जागी काही वर्षं स्नोड्रॉप लावू नका. पानांच्या टोकांवर तांबूस करप्यासारखे डाग असतील तर तो स्टॅगोनोस्पोरा, ही दुसरी बुरशी. ती पानं काढून टाका आणि तो गठ्ठा बाकीच्यांपासून लांब ठेवा.

कंद पोकळ आणि आत मळकट पांढरी, जाडजूड अळी असेल तर ती नार्सिसस माशीची. माशी दिसते छोट्या भुंग्यासारखी. मे-जूनच्या उबदार दुपारी, पानं वाळत असताना ती कंदाच्या मानेजवळ अंडं घालते. अळी खालून आत शिरते आणि एक अळी एक अख्खा कंद संपवते. पानं वाळली की जमिनीत जी भोकं उरतात ती माती दाबून बुजवा. महागाच्या कंदांवर मे-जूनमध्ये बारीक जाळी टाका. माशीला ऊन आवडतं, म्हणून झाडाखालच्या सावलीतले कंद त्यामानाने वाचतात.

पानं भरपूर पण फूल नाही, हे दुखणं साधं आहे. गठ्ठा दाटला असेल, किंवा पात हिरवी असतानाच कुणीतरी कापली असेल. पुढच्या वर्षीचं फूल या वर्षीच्या पातीवर पोसतं. दर तीन-चार वर्षांनी गठ्ठा सोडवा.

बी पडलं आणि वाण हरवला

हापूसची कोय रुजवून हापूस मिळत नाही, कलमच लागतं, हे आपल्याला कुणी समजवायला नको. स्नोड्रॉपमध्ये मात्र ही गोष्ट हमखास विसरली जाते. दुर्मीळ वाणाच्या गठ्ठ्यात त्याचंच बी पडतं, रोपं वाढतात, तीन-चार वर्षांनी त्यांनाही फुलं येतात. मूळ कंदापेक्षा ती जोमदार असली तर मूळ वाण दबून जातो. मग लोक बिनदिक्कत ते मिश्रण जुन्या नावाने वाटतात. ज्या वाणाचं बी नको आहे त्याची बोंडं पिकण्याआधी खुडा.

दुसरी घाई नाव देण्याची. एखाद्या फुलाला एका वर्षी चौथी पाकळी येते, टोकावर हिरवी छटा येते. पुढच्या वर्षी तेच फूल साधं. निदान तीन हंगाम सलग तेच रूप दिसल्याशिवाय नाव ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नावांची गर्दी आधीच भरपूर आहे.

नावाच्या पट्ट्या पक्षी उपटतात, शाई उडते. शिसपेन्सिलीने लिहिलेलं टिकतं. मी कंद जाळीच्या टोपलीत लावते, टोपली जमिनीत पुरते आणि दुसरी पट्टी टोपलीच्या आतच ठेवते. वहीत नकाशाही काढलेला असतो.

कंद कापताना

एका कंदाचे उभे काप करून, प्रत्येक कापात दोन खवले आणि तळाच्या चकतीचा तुकडा ठेवून, नवे कंद तयार करता येतात. चकतीचा तुकडा नसेल तर तो काप नुसता कुजतो. सुरी दर कंदानंतर स्पिरिटने पुसा. जूनच्या शेवटी ते जुलैमध्ये काप घ्या, बुरशीनाशक लावा, दमट व्हर्मिक्युलाइटमध्ये पिशवीत घालून साधारण २० अंशांवर अंधारात बारा आठवडे ठेवा. मूठ आवळल्यावर पाणी सुटलं तर ते व्हर्मिक्युलाइट फार ओलं आहे. आणि एकुलता एक कंद कधीही कापू नका. आधी साध्या निव्हॅलिस जातीवर हात बसवा.

संकर करताना

फूल साधारण १० अंशांच्या वर उमलतं. मादी म्हणून निवडलेलं फूल उमलण्याच्या आदल्या दिवशी चिमट्याने त्याचे सहाही परागकोश काढा. उमलल्यावर काढलेत तर उशीर झालेला असतो. नराच्या परागकोशांना टोकाशी छिद्रं असतात, त्यामुळे कुंचल्याने घासत बसण्यापेक्षा फुलावर टिचकी मारून पराग काळ्या झाकणावर पाडा. मादी फुलाच्या कुक्षीला लावा, दुसऱ्या दिवशी परत लावा, देठाला दोरा बांधा. दोन वाणांचा बहर जुळत नसेल तर पराग ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत फ्रीजमध्ये काही आठवडे ठेवता येतो.

‘फ्लोर प्लेनो’ या दुहेरी फुलाला बी धरत नाही, म्हणून बरेच जण ते संकरातून वगळतात. पण त्याचा पराग चालतो. नॉर्फकमधल्या ब्रंडलचे हेरिक ग्रेटोरेक्स यांनी १९४० च्या दशकात तोच पराग प्लिकेटस जातीवर वापरला आणि ‘ऑफेलिया’, ‘डेस्डेमोना’ अशी शेक्सपिअरच्या पात्रांच्या नावांची दुहेरी फुलं मिळवली.

पाकळ्यांवरच्या पिवळ्या खुणांच्या मागे लागलेल्यांनी पहिल्या पिढीत हिरव्या खुणांची फुलं आली म्हणून रोपं फेकू नयेत. रंग त्यांच्या पोटात असतो, पुढच्या पिढीत तो वर येऊ शकतो. ‘गोल्डन फ्लीस’ला १८ वर्षं लागली.

मे-जूनमध्ये बोंड जमिनीला टेकतं. त्याआधी त्यावर मलमलची पिशवी बांधा. बियांना पांढरं, मऊ शेपूट असतं, त्याच्या लोभाने मुंग्या बी उचलून नेतात. बी त्याच आठवड्यात पेरा, वाळवून ठेवू नका. फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोवर कुंडी सावलीत हवी आणि पूर्ण कोरडी पडता कामा नये.

सुटकेसमधून नाही

पुण्याहून दरवर्षी कुणीतरी विचारतं, येताना चार कंद आण ना. सगळा गॅलँथस सायटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे; परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, शिवाय भारतात उतरताना वनस्पती आरोग्याची कागदपत्रं लागतात. आणि नेले तरी पुण्याच्या हिवाळ्यात त्याला लागते ती थंडी मिळत नाही. इथेही कुणाच्या रानातून, माळातून न विचारता उपटू नका. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. विचारणाऱ्यांना मी फेब्रुवारीत इकडे यायला सांगते. आपल्याला केंब्रिजशरमधल्या अँगलसी ॲबीला, स्नोड्रॉपसाठी प्रसिद्ध बागेत, जाता येईल, आणि त्या नऊतून वाचलेल्या दोन कंदांचे आता भरगच्च गठ्ठे झालेत, तेही बघता येतील.