आई-वडिलांचं बँक खातं सांभाळायला घेताय? या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज, राधानगरीकडच्या बऱ्याच घरांत पेन्शनचं खातं राष्ट्रीयीकृत बँकेत, उसाचं बिल जिल्हा बँकेत आणि ठेव पतसंस्थेत असते. मुलगा पुण्यात, म्हणून व्यवहार गावातली लेक किंवा पुतण्या बघतो. एका ठिकाणी दिलेला अधिकार दुसऱ्या ठिकाणी चालत नाही, कागद तिन्हीकडे वेगळा द्यावा लागतो.

एटीएम कार्ड आणि पिन देऊन मोकळं होणं. सर्रास होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने पिन स्वतःच दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. ‘घरातल्यालाच दिला होता’ हे उत्तर तिथे चालत नाही. खात्याचा मोबाइल नंबरही बदलून मुलाचा लावू नका. पैसे निघाल्याचा मेसेज खातेदाराला गेलाच पाहिजे, त्याची तेवढीच काय ती राखण.

नॉमिनी म्हणजे अधिकार, असं समजणं. खातेदार हयात असेपर्यंत नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही.

घाईने संयुक्त खातं करणं. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ केलं की दुसऱ्यालाही पूर्ण रक्कम काढता येते, पहिल्याला न विचारता. भावंडं असतील तर भांडणाचं बी इथेच पेरलं जातं. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’मध्ये पहिला खातेदार असेपर्यंत व्यवहार त्याचाच, त्यामुळे मदतनिसासाठी त्याचा उपयोग नाही. ठेवीत आणखी एक मेख आहे: ‘आयदर’ लिहिलेलं असलं तरी मुदतीआधी मोडताना बँक दोघांच्या सह्या मागू शकते. मुदतपूर्व मोडण्याची वेगळी संमती ठेव ठेवतानाच फॉर्मवर द्या.

नको तेवढा मोठा अधिकार देणं. महिन्याची औषधं, लाइट बिल, बाईचा पगार एवढंच भागवायचं असेल तर बँकेचं अधिकारपत्र, म्हणजे मँडेट, पुरतं. बँकेचाच छापील नमुना घ्या. खाते क्रमांक, व्यवहाराची मर्यादा, मदतनिसाची नमुना सही, त्याचा फोटो आणि केवायसी लागते. खातेदाराने अधिकाऱ्यासमोर सही करावी. मुख्य अडचण खातेदाराच्या सहीचीच. वीस वर्षांपूर्वीची ठसठशीत मराठी सही आता थरथरत्या हाताने जुळत नाही आणि अर्ज परत येतो. म्हणून आधी नमुना सही नवी करून घ्या, मग अधिकारपत्र.

ठेवी, लॉकर, कर्ज असं सगळंच बघायचं असेल तर वटमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, करा. जमिनीच्या, सातबाराच्या कामासाठी केलेलं जुनं मुखत्यारपत्र बँकेत नेलं तर बहुधा परत मिळतं, कारण त्यात बँक व्यवहाराचा उल्लेखच नसतो. बँक, शाखा, खाते क्रमांक, ठेव मोडण्याचा व लॉकर उघडण्याचा अधिकार स्पष्ट लिहा. 500 रुपयांच्या मुद्रांकावर टंकून नोटरी करण्याआधी मसुदा शाखेत दाखवा, नाहीतर खर्च दुप्पट. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं.

पेन्शनच्या खात्यावर मुखत्यार नेमणं. सरकारी पेन्शनचं खातं मुखत्यारपत्रावर चालवता येत नाही. चेकबुक आणि स्थायी सूचना मात्र चालतात: दर महिन्याला ठरावीक रक्कम साध्या खात्यात वळती करा आणि अधिकारपत्र त्या खात्यावर द्या.

वेळ निघून गेल्यावर धावाधाव. हात चालत नाही पण समज आहे, तर मार्ग आहे. अंगठा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा. दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा देण्याची सूचनाही रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना केली आहे. पण शुद्धच हरपली असेल तर नवं मुखत्यारपत्र होत नाही, आणि भारतीय करार कायद्यातल्या कलम 201 मुळे जुनंही संपतं. मग न्यायालयाकडून पालक, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार बघणारा, नेमून घ्यावा लागतो. कोमातल्या रुग्णासाठी उच्च न्यायालयात अर्ज करतात. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच असल्याने मुंबईची वारी तरी टळली.

‘आमच्याकडे असं चालत नाही’ ऐकून घरी येणं. नकार लेखी मागा. नाही दिला तर अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. बँकेला लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी फोन 14448. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात.

मृत्यूनंतरही कार्ड वापरणं. मयताच्या खर्चासाठी म्हणून पैसे काढले जातात. अधिकारपत्र आणि मुखत्यारपत्र दोन्ही मृत्यूबरोबर संपलेली असतात, त्यामुळे त्या रकमेचा हिशोब पुढे वारसांना द्यावा लागतो. मृत्यूनंतरच्या काळाचं पेन्शन जमा झालं असेल तर ते बँक परत वसूल करते. मृत्यूचा दाखला मिळाला की पहिली प्रत बँकेत द्या.