वेगवान सेडान सेकंडहँड घेताना: सांगलीतून निघण्याआधीची तयारी

विक्रेत्याशी वेळ ठरवताना फोनवरच सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. वेळ सकाळची घ्या. गाडी पुण्यात असेल तर पहाटे निघा, पण ती रात्रभर उभी असतानाच तिच्यापाशी पोहोचा. टर्बो इंजिनाची बरीच दुखणी पहिल्या काही सेकंदांत ऐकू येतात, आणि गरम झालेलं इंजिन तीच झाकून टाकतं. पोहोचल्यावर बॉनेट उघडून इंजिनाजवळ तळहात धरून बघा. ऊब लागली, तर त्या दिवशी सौद्याचं बोलू नका.

त्याआधी घरी बसून कोणती गाडी बघायची हे नक्की करा, कारण प्रत्येकीचं दुखणं वेगळं. स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस आपल्याकडे २०१७ मध्ये आली: दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२० मध्ये २४५ पीएसची आली, आणि ती देशात फक्त २०० गाड्यांपुरतीच होती. या दोन्हींचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा, म्हणून दमदार. साध्या ऑक्टाव्हियाच्या १.८ टीएसआयमध्ये मात्र सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी आहे. गर्दीत रांगत चालवून तापलेला असा गिअरबॉक्स आणि त्याचे गिअर बदलणारं मेकॅट्रॉनिक युनिट हा मोठा खर्च होऊन बसतो. फोक्सवॅगनच्या व्हर्टस जीटीच्या ऑटोमॅटिकमध्येही कोरडा क्लचच आहे. बीएमडब्ल्यूकडे वळणार असाल तर साधारण २०१५ च्या आधीच्या ३२० डीच्या टायमिंग चेनची, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर हलवणाऱ्या साखळीची, माहिती काढा. त्या डिझेल इंजिनात चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती बदलायची म्हणजे सहसा इंजिनच खाली उतरवावं लागतं. त्याच काळातल्या ३२८ आयच्या पेट्रोल इंजिनातही चेनच्या गाइडची तक्रार आहे. २०२१ मध्ये आलेली एम३४०आय, तीन लिटर, सहा सिलिंडर, ३८७ पीएस, या बाबतीत कितीतरी भक्कम. माझं मत विचाराल तर नीट सांभाळलेली व्हीआरएस किंवा एम३४०आय यांच्यासाठी थांबावं, आणि स्वस्तात मिळते म्हणून चेनची शंका असलेली गाडी दारात आणू नये. गाडीची किंमत निम्म्यावर आली तरी तिच्या पार्टची किंमत नव्या गाडीचीच राहते.

कागद फोटोवर मागवून घ्या, त्यासाठी प्रवास नको. आरसीवर कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, चेसिस नंबर काय, हे परिवहनच्या ॲपवर ताडून बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ तयार आहे का ते विचारा. आपल्याला बेळगाव-अथणी जवळ, त्यामुळे केए पासिंगच्या गाड्या मोहात पाडतात. फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि फेरनोंदणी धरून हिशोब मांडला, की बरीचशी स्वस्ताई विरून जाते. विम्याची चालू पॉलिसी मागा आणि तिच्यावरचा नो क्लेम बोनस बघा. मालक म्हणतो गाडीला कधी ओरखडा नाही, आणि बोनस शून्य, तर क्लेम कशाचा होता ते त्यालाच विचारा. सर्व्हिसची बिलं पानन् पान बघा. कंपनी १५,००० किलोमीटरला ऑइल बदला म्हणते. ज्याने सात-आठ हजारांवरच बदललं, त्याच्या गाडीला मी चार पैसे जास्त देईन. सहा गिअरच्या डीएसजीचं तेल ६०,००० ला बदलल्याचं बिल नसेल, तर ते झालेलंच नाही असं धरून चाला.

आता पाणी. सांगलीकराला हे समजावून सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शहरात शिरलं. अशा वेळी बुडालेल्या गाड्यांना विमा कंपनी टोटल लॉस ठरवते, त्या लिलावात जातात, धुऊन-पुसून दुसऱ्या गावात पुन्हा विकायला उभ्या राहतात. आपल्या भागातल्या बाहेर जातात, तशा चेन्नईसारख्या ठिकाणच्या इकडे येतात. म्हणून त्या दोन्ही महापुरांच्या वेळी गाडी कुठे उभी होती, हे मालकाला सरळ विचारा. मग स्वतः बघा. सीट बेल्ट शेवटापर्यंत ओढा. गुंडाळलेल्या आतल्या भागावर गढूळ रेघ किंवा कडकपणा असेल तर तिथेच थांबा. सीट मागे सरकवून रुळांचे बोल्ट बघा, कार्पेटची कड उचलून खालचा फोम हाताने दाबा, डिकीतल्या खोबणीत टॉर्च मारून बघा. सीटखालच्या वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट बुरशी म्हणजे तांब्याला गंज. बीएमडब्ल्यूची बॅटरी डिकीतच असते, त्यामुळे तिथे साचलेलं थोडं पाणीही महागात जातं. एसी बंद ठेवून काचा लावा आणि पाच मिनिटं आत बसा. फार उग्र अत्तराचा वास असेल तर तो कशासाठी मारलाय याचा विचार करा. महापुरातून निघालेली गाडी चालते, पण महागड्या सेडानमध्ये कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, इतकी असतात, की एक दुरुस्त केलं तर दुसरं मान टाकतं. अशी गाडी कितीही उतरलेल्या भावात घेऊ नये.

पुढे थंड इंजिन. एकाने सुरू करावं, दुसऱ्याने बॉनेटपाशी उभं राहावं. सुरू होताच दोन-तीन सेकंद साखळी घासल्यासारखा खळखळाट आला तर चेन ताणून धरणारा टेन्शनर संशयित. मागून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत येणारी पांढरी वाफ वेगळी. ती गाडी तापल्यावरही येत राहिली आणि गोडसर वास आला, तर कूलंट जळतंय. ऑक्टाव्हियाच्या दोन लिटर इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर गळतं, ही जुनी तक्रार आहे. कूलंटच्या टाकीतली पातळी आणि पंपाभोवती वाळलेले गुलाबी डाग बघा.

स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र, ही या यादीतली सगळ्यात मोलाची गोष्ट. तुम्ही बघताय त्या कंपनीच्या गाड्यांच्या नोंदी उघडणारं टूल ज्याच्याकडे आहे असा मेकॅनिक सोबत न्या, दिवसाची मजुरी द्या, आणि घासाघीस करू नका. त्याच्याकडून तीन गोष्टी हव्यात. पहिली, फॉल्ट कोड नुकतेच पुसलेत का. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या केलेल्या तपासण्या, अपूर्ण दिसले तर बहुधा आदल्या दिवशी पुसलेले असतात, किंवा बॅटरी काढलेली असते. दुसरी, वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये नोंदलेले किलोमीटर मीटरशी जुळतात का. बीएमडब्ल्यूच्या किल्लीतही ही नोंद असते. तिसरी, रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलणं. या गाड्यांचे मालक हौशी असतात, आणि लॅपटॉप लावून ताकद वाढवणं सोपं असतं. रीमॅप आहे म्हणून गाडी लगेच बाद होत नाही, पण लपवलेला रीमॅप म्हणजे टर्बो आणि क्लचवर किती भार पडला याचा काहीच पत्ता नाही. वेगळा एअर फिल्टर, टर्बोमागची धुराची नळी म्हणजे डाउनपाइप मोठी असणं, कॅटलिटिक कन्व्हर्टर नसणं, यातलं काही दिसलं तर मूळ पार्ट जपून ठेवलेत का ते विचारा. कंपनीचं वर्कशॉप रीमॅप ओळखू शकतं, आणि मग उरलेल्या वॉरंटीवर बोट ठेवतं.

रॅम्पवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका. ठेंगण्या गाड्यांची पोटं आपल्या स्पीड ब्रेकरांनी सोललेली असतात. ऑइल पॅन, कंट्रोल आर्मचे बुश, शॉकअपची गळती, अलॉयच्या आतल्या कडेचे तडे आणि वेल्डिंग नजरेखालून घाला. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत स्टेपनी नसते आणि पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे रनफ्लॅट टायर असतात, चारही बदलायचे झाले तर तो आकडा आधीच विचारून घ्या.

गाडी चालवणं सगळ्यांत शेवटी, कारण एकदा टर्बोने पाठीला सीटवर दाबलं की आधी बघितलेलं काही आठवत नाही. आधी गर्दीत चालवा, विश्रामबाग ते मिरज रस्त्यासारख्या ठिकाणी. ब्रेक सोडल्यावर गाडी गुळगुळीत पुढे सरकते का, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथरते का, हे तिथेच कळतं. चढावर थांबून रिव्हर्स टाका. पुण्याकडून आणत असाल तर खंबाटकीच्या चढात तापमान आणि गिअर यांच्यावर लक्ष ठेवा. वेग बघायचाच तर दिवसा, मोकळ्या हायवेवर. ऊस हंगामात रात्री बिनदिव्यांच्या ट्रॉल्या असतात, तेव्हा तर मुळीच नको.

किमतीच्या दहा-पंधरा टक्के पैसे बाजूला ठेवूनच भाव बोला. पहिल्याच महिन्यात इंजिन ऑइल, डीएसजी ऑइल, ब्रेक फ्लुइड आणि बहुधा टायर यांत ते जातील. इंजेक्शन थेट सिलिंडरात असल्याने इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, त्याच्या सफाईचीही वेळ झालेली असू शकते.

सौदा ठरला की मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या, दोन्ही किल्ल्या मोजून घ्या, बाकी ई-चलन विक्रेत्याकडून भरून घ्या. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा असतो. ताबा पावतीवर तारखेबरोबर घड्याळातली वेळही लिहा, म्हणजे त्या दिवशी सकाळी कुठे चलन फाटलं असेल तर ते कोणाचं याचा वाद राहत नाही.