या चुका टाळा : कार्ड घातलं की बोलणारा नंदीबैल बनवताना

गायीचं कार्ड घातलं की आमचा नंदीबैल कुत्र्यासारखा भुंकायचा. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आम्ही पाच जणांनी बालवाडीच्या मुलांसाठी खेळणं केलं, त्याच्या पहिल्या चाचणीतली ही गोष्ट. कल्पना गावातलीच होती. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) पुठ्ठ्यांवरून उतरते. पुठ्ठ्याला भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. आम्ही तेच लाकडी पेटीत आणलं. मुलाने भोकं पाडलेलं कार्ड फटीत घालायचं, भोकातून प्रकाश गेला की एक, अडला की शून्य. त्यावरून प्राण्याचा आवाज वाजतो आणि पेटीवरचा नंदीबैल मान डोलावतो. आत आर्डुइनो उनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), चार एलडीआर (प्रकाश ओळखणारे सेन्सर) आणि त्यांच्यासमोर एलईडी, एक छोटी सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी), एमपी३ प्लेअरचं मॉड्यूल आणि स्पीकर, बस.

खेळणं शेवटी चाललं, पण दोन महिने ज्या चुकांत गेले त्यातल्या बहुतेक टाळता आल्या असत्या. यंदा असलं काही करणार असाल तर आधी हे वाचा.

कार्ड एक, आवाज दुसराच

यात एक नाही, चार चुका होत्या, आणि चारही एकदम दिसत असल्याने आम्ही आठवडाभर कोडच चाळत बसलो.

पहिली चूक गणिताची. चार जागा म्हणजे १६ कार्डं, असं आम्ही धरलं होतं. पण फट रिकामी असते तेव्हा चारही एलडीआरवर प्रकाश पडतो, म्हणजे चारही भोकं असलेलं कार्ड आणि कार्डच नसणं यात खेळण्याला फरक कळत नाही. ते कार्ड वापरायचंच नाही.

दुसरी : कार्ड आत सरकत असताना भोकं चुकीच्या सेन्सरसमोरून जातात, आणि कोड तेवढ्यात वाचून मोकळा होतो. फटीच्या तळाशी एक मायक्रोस्विच लावा. कार्ड तळाला टेकलं, स्विच दाबला गेला, की २०० मिलिसेकंद थांबून मगच वाचायचं. स्विचचा संपर्क दाबताना काही मिलिसेकंद थरथरतो, तेही या थांबण्यात निभावून जातं.

तिसरी चूक मुलांनी दाखवली. चार वर्षांचं मूल कार्ड उलटं घालतं, आणि ०००१ चं १००० होतं. पूर्वी संगणकाच्या पंचकार्डाचा एक कोपरा कापलेला असायचा, तो त्यासाठीच. आम्हीही कोपरा कापला आणि फटीच्या तळाशी एका बाजूला तसाच तिरका ठोकळा बसवला. उलटं कार्ड तळाला टेकतच नाही.

चौथी चूक मेमरी कार्डातली. एमपी३ मॉड्यूलला नुसता क्रमांक दिला तर फाइल कार्डात ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने तो वाजवतो, नावाने नाही. फाइली ‘mp3’ अशा इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, नावाची सुरुवात इंग्रजी अंकांतल्या चार आकडी क्रमांकाने करा, आणि त्या फोल्डरमधून वाजवणारी कमांड वापरा. भुंकणाऱ्या गायीचं मुख्य कारण हेच निघालं.

पुठ्ठ्याबद्दल एक सांगतो. मागावरचे जुने, टाकून दिलेले जकार्डचे पुठ्ठे मिळतात आणि दिसतातही सुंदर, पण त्यांत तेल आणि धूळ मुरलेली असते. मुलं कार्ड तोंडात घालतात. बाइंडिंगचा नवा पुठ्ठा घ्या.

लॅबमध्ये चालतं, अंगणात नाही

लॅबच्या ट्यूबलाइटखाली ‘एलडीआरचा आकडा ५०० च्या वर म्हणजे प्रकाश’ असं ठरवलं आणि नंदी घेऊन बालवाडीत गेलो. मार्चची सकाळ, दार उघडं, ऊन थेट पेटीवर. भोक असो नसो, सगळं एकच. एलडीआरऐवजी इन्फ्रारेड सेन्सर घेऊन ही अडचण सुटत नाही, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतंच.

उपाय असा : समोरचा एलईडी बंद ठेवून एकदा वाचा, मग लावून वाचा, आणि फक्त दोन्हींतला फरक बघा. एलडीआर सुस्त असतो, म्हणून दोन वाचनांमध्ये निदान १०० मिलिसेकंद द्या. सेन्सरवर थेट ऊन आलं तर मात्र त्याचा आकडा आधीच टोकाला गेलेला असतो आणि फरक उरत नाही, तेव्हा फटीला आतून काळा जाड कागद लावून सेन्सर अर्धा इंच खोल बसवा.

मान हलली की पुन्हा ‘नमस्कार’

खेळणं सुरू झालं की नमस्कार म्हणायचं. पण प्रत्येक वेळी मान हलली की पुन्हा नमस्कार. आमच्यातल्या दोघांचं यावरून भांडणही झालं, कोडवाला म्हणे वायरिंग, वायरिंगवाली म्हणे कोड. खरा दोष ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा होता. सर्वो मोटर हलताना काहीशे मिलिअँपिअर एकदम ओढते; ती बॅटरी तेवढं देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळतं, आणि आर्डुइनो रीसेट होतो. सर्वोला चार पेन्सिल सेलचा वेगळा पॅक द्या, दोन्हींचा ग्राउंड (उणे टोक) मात्र जोडलेलाच हवा, नाहीतर मोटर नुसती थडथडते. सर्वोजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, पोलॅरिटी (अधिक-उणे टोकं) बघून. मोटर आर्डुइनोच्या पिनवरून चालवायचा तर विचारही नको. एका पिनवरून २० मिलिअँपिअरपर्यंतच घ्यावेत.

मुलांचे हात

सगळ्यात जास्त मी यावरच सांगेन, कारण लॅबमध्ये हे सुचत नाही. पहिल्याच दिवशी एका मुलीने नंदीचं डोकं धरून स्वतःच फिरवलं. स्वस्त सर्वोतल्या गिअरचे दाते प्लास्टिकचे असतात, ते गेले. आता डोकं सर्वोच्या पंख्याला (दांड्यावरच्या पट्टीला) सरळ न ठोकता आम्ही मध्ये जाड रबरबँड ठेवतो. मुलाने ओढलं तर रबर ताणतं, दाते वाचतात. नंदीची झूल चादरीच्या तुकड्याची केली होती, तिच्या कडेचा धागा सुटून मोटरच्या दांड्यावर गुंडाळला. कडा दुमडून शिवा.

दुसऱ्या दिवशी फटीत शेंगदाणे निघाले. फट अरुंद करता येते, पण शेंगदाण्याची फोलपटं आणि बिस्किटाचा चुरा तरी जाणारच. म्हणून फटीचा तळ उघडा ठेवा, खाली काढता येणारा छोटा ट्रे, आणि सर्किट बाजूच्या बंद कप्प्यात.

ग्लू गनवर सगळा भार टाकू नका. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे ४० अंशांच्या वरची दुपार, आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. परीक्षेच्या आदल्या दिवशी पेटी गाडीत राहिली आणि स्पीकर सुटून आत लोंबत होता. जे वजन उचलतं ते स्क्रूने किंवा नट-बोल्टने बांधा.

सुरक्षेत तडजोड नको. चपटे बटण सेल वापरूच नका. गिळला गेला तर २ तासांतच अन्ननलिका भाजू शकते. सेलचा कप्पा स्क्रूने बंद हवा. सुटे छोटे भाग तपासायचा ३१.७ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर असतो. त्यात पूर्ण मावणारी वस्तू ३ वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याची मानतात, आणि बालवाडीत धाकटी भावंडंही येतात. भारतात १ जानेवारी २०२१ पासून विक्रीच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. यांत्रिक सुरक्षेसाठी आयएस ९८७३, विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४. प्रोजेक्ट विकायचं नसलं तरी डिझाइन ठरवण्याआधी या मानकांत काय मागितलंय ते बघून घ्या.

नंदी कुठली भाषा बोलतो

आम्ही ‘ही कोण? गाय!’ असं स्वच्छ मराठीत रेकॉर्ड केलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बालवाडीत काही मुलं नुसती बघत राहिली. त्यांच्या घरी गाय म्हणजे तेलुगूतली ‘आवु’. अक्कलकोट रोडकडच्या एका मुलाच्या घरी कन्नडमधली ‘आकळु’. हंबरण्याचा आवाज मात्र सगळ्यांना कळला आणि सगळी हंबरली. मग शब्द तेलुगू, कन्नड आणि मराठी असे तिन्ही भरले, मागे तीन बटणं दिली. हे काम आमच्या गटातल्या एका मुलीच्या आईने केलं. त्या आईचं नाव आम्ही रिपोर्टमध्ये घातलं नाही, हे मला आजही चुकलेलं वाटतं. मदत करणाऱ्यांची यादी पहिल्या दिवसापासून लिहीत जा.

पाच जण, पाच तुकडे

पेटी एकाची, सर्किट दुसरीचं, कोड तिसऱ्याचा, आणि जोडणी शेवटच्या आठवड्यात. पेटी आली तेव्हा वायरी वाकवायला जागाच नव्हती, झाकण दोन सेंटिमीटर वर राहिलं. दुसऱ्याच आठवड्यात पुठ्ठ्याच्या खोक्यात सगळं कच्चं जोडून बघा, दिसायला कसंही असो. कुठली वायर कुठल्या पिनला, याचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पिन बदलणाऱ्याने तिथे लिहायचं आणि मगच कोड बदलायचा. सर्वो दोन जादा मागवून ठेवा.

आणि ब्रेडबोर्डवरच (सोल्डर न करता वायरी नुसत्या खोचायच्या बोर्डवर) राहू नका. बालवाडीपर्यंतच्या रिक्षात आमच्या तीन जंपर वायरी निघाल्या. त्या दिवशी मुलं अर्धा तास वाट बघत बसली होती. पुढच्या वेळी सोल्डर करूनच गेलो.