प्रिंटर भंगारात गेला, ड्रायव्हर मात्र घरातच

जुना प्रिंटर, स्कॅनर किंवा इंटरनेटसाठीचं सीडीएमएचं जुनं यूएसबी डेटा कार्ड टाकून दिलं, तरी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, विंडोजमध्ये तसाच राहतो. जागा तो फारशी खात नाही. खरा प्रश्न सुरक्षेचा. विंडोजसोबतच येणाऱ्या एका जुन्या फॅक्स मोडेमच्या ड्रायव्हरमधली त्रुटी हल्लेखोर वापरत होते. मोडेम कोणी वापरत नसलं तरी धोका होताच. शेवटी ऑक्टोबर २०२५च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो ड्रायव्हरच काढून टाकला. बाहेरून आलेले ड्रायव्हर मात्र आपणच काढायचे.

सुरुवात फाइलींपासून. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये काही साठवलं असेल, तर त्याची पीडीएफ करून घ्या. हार्डवेअर लॉकवर (संगणकाला जोडलेल्या किल्लीवजा यंत्रावर) चालणारं जुनं मराठी डीटीपी, म्हणजे पानं जुळवण्याचं, सॉफ्टवेअर असेल, तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, आणेपर्यंत त्याला हात लावू नका. नाहीतर उद्या त्या फाइलींत नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. आणि हो, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन दिसायला डेटा कार्डासारखंच असतं. त्याचं सॉफ्टवेअर चुकून उडवलंत तर रिटर्न भरताना अडकाल.

आता स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून एक पॉइंट तयार करा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आत्ताच्या स्थितीत परत नेता येईल. मग सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून त्या यंत्राचं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा.

स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘व्ह्यू’मध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडलं की आत्ता न जोडलेली यंत्रं फिकट दिसतात. फिकट म्हणजे निकामी असं नाही. कपाटातला पेनड्राइव्हही तसाच दिसतो. नाव ओळखीचं असेल तरच राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडा आणि ड्रायव्हरही काढण्याची चौकट आली तर तिथे टिक करा. ‘सिस्टिम डिव्हायसेस’च्या वाटेला जाऊच नका.

प्रिंटरचं प्रकरण जरा चिवट. सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडून आधी प्रिंटर काढा. मग तिथल्याच ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये ‘ड्रायव्हर्स’ टॅबवर जा, नाव निवडून ‘रिमूव्ह’ दाबा आणि ड्रायव्हरसोबत पॅकेजही काढण्याचा पर्याय घ्या. ड्रायव्हर वापरात असल्याचा संदेश आला, तर स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून त्यातला प्रिंट स्पूलर (छपाईची कामं सांभाळणारा विंडोजचा भाग) रीस्टार्ट करून लगेच पुन्हा प्रयत्न करा.

फुकटचे ‘ड्रायव्हर क्लीनर’ यासाठी लागत नाहीत. संगणक रीस्टार्ट करा आणि रोजच्या प्रिंटरवर एक पान छापून बघा. ते निघालं नाही, तर रिस्टोअर पॉइंट आहेच.