अमेरिकेची राज्यव्यवस्था अभ्यासताना या चुका टाळा

राज्यशास्त्राच्या वह्या तपासताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. अमेरिकेवरची उत्तरं पाठांतर कमी पडल्यामुळे चुकत नाहीत. कलमं पाठ असतात, पण ती वाचताना मुलांच्या डोळ्यांसमोर दिल्लीची संसद असते. आपण ब्रिटिशांकडून संसदीय पद्धत घेतली. अमेरिकेच्या घटनाकारांनी त्याच ब्रिटिश सत्तेखाली दीडशे वर्षं काय भोगलं आणि काय शिकलं, ते आठवून एकेक कलम लिहिलं. त्यामुळे प्रत्येक कलमामागचा वसाहतीतला अनुभव शोधायची सवय लावून घ्या. पुढच्या बहुतेक चुका त्या सवयीनेच सुटतात.

१७७६ आणि १७८९ यांची सरमिसळ

‘४ जुलै १७७६ रोजी अमेरिका स्वतंत्र झाली, राज्यघटना झाली आणि जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाले.’ या एका वाक्यात १३ वर्षं गडप होतात. त्या दिवशी फक्त स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केलं ते १७८३ च्या पॅरिस तहात. मधल्या काळात, १७८१ पासून, देश चालला तो ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या करारावर. त्यात राष्ट्राध्यक्ष नव्हता, देशभराची न्यायव्यवस्था नव्हती आणि काँग्रेसला, म्हणजे कायदेमंडळाला, कर बसवता येत नव्हता. तिने राज्यांकडे पैसे मागायचे, राज्यांनी जमलं तर द्यायचे. करारात बदल करायचा तर १३ च्या १३ राज्यांचा होकार हवा.

ही दुर्बलता जाणूनबुजून ठेवलेली होती. एका राजाच्या तावडीतून सुटलेल्या लोकांना दुसरी बलाढ्य सत्ता नको होती. पण १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेज यांच्यासोबत उठले, तेव्हा केंद्राकडे सैन्य उभं करायलाही पैसा नव्हता. मग १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधी जमले. ऱ्होड आयलंडने तर कुणाला पाठवलंच नाही. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी मसुद्यावर सह्या केल्या. २१ जून १७८८ रोजी न्यू हॅम्पशायर हे मान्यता देणारं नववं राज्य ठरलं आणि घटना लागू होण्याची अट पूर्ण झाली. वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली ती ३० एप्रिल १७८९ रोजी, न्यूयॉर्कमध्ये.

‘वसाहतींवर लंडनचं थेट राज्य होतं’

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी मुळं इथेच आहेत. १३ वसाहती एका साच्यातल्या नव्हत्या. १६०७ ची व्हर्जिनियातली जेम्सटाउन वसाहत एका व्यापारी कंपनीने वसवली. पेनसिल्व्हेनिया १६८१ साली विल्यम पेन यांना सनदेने मिळाली. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड आपला गव्हर्नर स्वतः निवडत. स्वातंत्र्याच्या वेळेपर्यंत बहुतेक वसाहती मात्र थेट राजाच्या अखत्यारीत आल्या होत्या आणि त्यांचा गव्हर्नर राजा नेमत असे.

तिथेही लोकांची निवडलेली सभा होतीच. पहिली भरली ३० जुलै १६१९ रोजी, जेम्सटाउनच्या चर्चमध्ये. गव्हर्नर या सभांचे कायदे नाकारू शकत होता, सभाच बरखास्त करू शकत होता. लंडनची प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे राजाचं सल्लागार मंडळ, मंजूर झालेला कायदाही रद्द करी. पण बऱ्याच वसाहतींत गव्हर्नरचा पगार सभा मंजूर करायची. तिजोरीची किल्ली आपल्या हातात असली की राजाच्या माणसालाही नमवता येतं, हे त्या सभासदांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलं. आज कराची विधेयकं काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधीगृहातच सुरू व्हावी लागतात, हा नियम याच परंपरेतला आहे.

म्हणूनच ‘गव्हर्नर’चं भाषांतर डोळे झाकून ‘राज्यपाल’ करू नका. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेतला गव्हर्नर थेट लोक निवडतात आणि तोच राज्याचा कारभार चालवतो. स्वातंत्र्यानंतर लोकांच्या मनात गव्हर्नर या पदाचीच इतकी चीड होती, की पेनसिल्व्हेनियाने १७७६ च्या आपल्या घटनेत ते पद काढूनच टाकलं.

जाता जाता बोस्टनच्या चहाबद्दल. ‘चहावरचा कर वाढवला म्हणून’ पेट्या समुद्रात फेकल्या, असं सर्रास लिहिलं जातं. १७७३ च्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता. अडचणीत आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीचा साठून राहिलेला माल खपवायचा होता, आणि १७६७ पासूनचा कर मात्र तसाच ठेवला होता. आक्षेप किमतीला नव्हता. ज्या पार्लमेंटमध्ये आपला प्रतिनिधी नाही तिने कर बसवण्याला होता. त्याच कंपनीसाठी त्याच वर्षी रेग्युलेटिंग अ‍ॅक्टही झाला आणि युद्ध-तहाच्या बाबतीत मुंबई इलाखा कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या देखरेखीखाली गेला. ही दोन प्रकरणं आपण वेगवेगळ्या धड्यांत वाचतो, म्हणून त्यांचा संबंध लक्षात येत नाही.

राष्ट्राध्यक्षाला पंतप्रधानाच्या मापाने मोजणं

सर्वांत जास्त गुण जातात ते इथे. अमेरिकेत अविश्वास ठराव नाही. अध्यक्षाचा पक्ष दोन्ही सभागृहांत अल्पमतात असला तरी तो मुदत पूर्ण करतो. आपल्याकडे अर्थसंकल्प लोकसभेत पडला तर सरकार जातं. तिथे खर्चाचं विधेयक अडलं तर सरकार तसंच राहतं, पण सरकारी कचेऱ्यांचं काम बंद पडतं. मंत्री काँग्रेसचे सदस्य असू शकत नाहीत, निवड झाली तर खासदारकी सोडावी लागते. आणि अध्यक्ष काँग्रेस बरखास्त करू शकत नाही.

हे शेवटचं कुठून आलं? १७७६ चा जाहीरनामा काढा आणि राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी वाचा. राजाने प्रतिनिधींच्या सभा वारंवार बरखास्त केल्या, न्यायाधीशांची मुदत आणि पगार आपल्या मर्जीवर ठेवले, शांततेच्या काळात फौजा ठेवल्या. आता घटना उघडा. काँग्रेस बरखास्त करण्याचा अधिकार कुणालाच नाही. संघीय न्यायाधीश वर्तन चांगलं असेपर्यंत पदावर राहतात आणि त्यांचा पगार कमी करता येत नाही. सैन्यासाठीचा निधी एका वेळी दोन वर्षांहून जास्त काळासाठी देता येत नाही. मी विद्यार्थ्यांना या दोन याद्या शेजारी शेजारी लिहायला लावतो. त्यानंतर सत्ताविभाजन वेगळं पाठ करावं लागत नाही.

भाषांतराची एक चूक याच मुद्द्यात येते. ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणजे परराष्ट्रमंत्री, सचिव नव्हे. आणि तिथली काँग्रेस हा पक्ष नाही, ते कायदेमंडळ आहे.

सिनेट म्हणजे राज्यसभा नव्हे

राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत, गोव्याची एक. सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाचे दोन आणि चिमुकल्या वायोमिंगचेही दोन. मोठ्या-छोट्या राज्यांच्या भांडणात फिलाडेल्फियाची परिषद मोडायला आली होती, तेव्हा प्रतिनिधीगृह लोकसंख्येवर आणि सिनेट समानतेवर अशी तडजोड झाली. सिनेटर आधी राज्यांची विधिमंडळं निवडत. १९१३ च्या १७ व्या घटनादुरुस्तीनंतर ते थेट लोकांमधून येतात. करारांना संमती आणि न्यायाधीशांच्या नेमणुकीवर शिक्कामोर्तब हे सिनेटचंच काम.

राज्यं केंद्राने घडवली असं मानणं

महाराष्ट्र १ मे १९६० रोजी अस्तित्वात आला तो संसदेच्या कायद्याने. राज्यांच्या सीमा बदलायला संसदेला राज्याची संमती बंधनकारक नाही. अमेरिकेत एखाद्या राज्यातून नवं राज्य काढायचं तर त्याच्या विधिमंडळाची परवानगी लागते. मेन १८२० साली मॅसॅच्युसेट्सपासून वेगळं झालं ते अशा संमतीनेच. मूळची १३ राज्यं संघाच्या आधीची आहेत, म्हणून उरलेले अधिकार दहाव्या घटनादुरुस्तीने राज्यांकडे आणि लोकांकडे ठेवले. आपल्याकडे शेषाधिकार केंद्राचे. प्रत्येक राज्याला स्वतःची घटना, न्यायालयं आणि फौजदारी कायदे आहेत. निवडणुकाही राज्यंच घेतात. आपल्या निवडणूक आयोगासारखी देशभर मतदान घेणारी यंत्रणा तिथे नाही.

‘आम्ही लोक’ म्हणजे सगळे लोक

अमेरिकेच्या घटनेची सुरुवात ‘आम्ही लोक’ या शब्दांनी होते. त्यात सगळेच लोक आले असं मानण्याची चूक मला सर्वांत जास्त खुपते. १६१९ च्या ज्या उन्हाळ्यात जेम्सटाउनला पहिली सभा भरली, त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पकडून आणलेले आफ्रिकी लोक उतरवले गेले. लोकप्रतिनिधित्व आणि गुलामगिरी एकाच ठिकाणी, काही आठवड्यांच्या अंतराने सुरू झाली. १७८७ च्या घटनेत गुलाम हा शब्द नाही, पण प्रतिनिधीगृहातल्या राज्यांच्या जागा ठरवताना त्या माणसांची गणना तीन-पंचमांश धरली गेली. मत त्यांना नव्हतंच, मोजणीचा फायदा मालकांच्या राज्यांना मिळाला. गुलामगिरी संपली १८६५ च्या १३ व्या घटनादुरुस्तीने. लिंगावरून मत नाकारण्यावर बंदी आली १९२० साली. आणि ज्या व्हर्जिनियात ती पहिली सभा भरली होती, तिथे राज्याच्या निवडणुकीत मत देण्यासाठी पोल टॅक्स, म्हणजे माणशी ठरावीक कर, भरावा लागे. सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली १९६६ साली.