जमीन फसवणुकीच्या गुन्ह्यात नाव आलंय? कोकणात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

कोकणात जमिनीच्या फसवणुकीत आरोपी म्हणून पोलीस ठाण्यात बोलावलेला प्रत्येक माणूस लबाड नसतो. सातबाऱ्यावर चुलते, चुलतभाऊ, आत्या, कधीच वारलेले आजोबा अशी ओळीने नावं असतात. निम्मे खातेदार मुंबईत, बाकीचे वाडीत. कागदोपत्री सगळं सामाईक, पण कुणी आंब्याची कुठली कलमं राखायची आणि कुठला काजू कुणी वेचायचा, हे घरात ठरलेलं. महामार्गाचा मोबदला येतो, समुद्र दिसणाऱ्या कातळाला गिऱ्हाईक लागतं, आणि हे ठरलेलं मोडतं. कुणीतरी विकतो, कुणी सही देतो, आणि ज्याला विचारलं नाही तो फिर्याद देतो. त्या फिर्यादीत विकणाऱ्यासोबत घेणारा, मुखत्यार, दलाल, साक्षीदार असे सगळेच येतात.

अशी प्रकरणं चालवताना एक गोष्ट सतत जाणवते. आरोपीची बाजू बिघडते ती खटला उभा राहण्याच्या कितीतरी आधी, नोटीस आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. फौजदारी कोर्टापुढे मुख्य प्रश्न असतो तो सही करताना तुम्हाला काय माहीत होतं आणि तुमचा हेतू काय होता, हा. ते दाखवणारे कागद सांभाळले तर बचाव उभा राहतो, घालवले तर चांगला वकीलही फार काही करू शकत नाही.

“जमिनीचा वाद आहे, दिवाणीच आहे” म्हणून बसून राहणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वाद जमिनीचा आहे एवढ्यावरून तो दिवाणी ठरत नाही. तसंच, व्यवहार फिसकटला म्हणून लगेच फसवणूकही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात सांगितलेली कसोटी आजही लागू आहे: फसवण्याचा हेतू व्यवहाराच्या सुरुवातीलाच असावा लागतो.

समजा, तुम्ही साठेखत केलं, विसार घेतला, पुढे भावाने वाटपाचा दावा लावला आणि खरेदीखत अडलं. हा करारभंग. पण तीच जमीन आधीच दुसऱ्याला साठेखताने दिलेली होती आणि नवीन गिऱ्हाइकापासून ते लपवून त्याच्याकडून पैसे घेतले, तर ती फसवणूक.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा: नेमकं लपवलं काय, असं फिर्यादी म्हणतोय? जमिनीला कूळ आहे किंवा ती भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विक्रीवर सरकारी अटी असलेली आहे, हे सांगितलं नाही, अशा तक्रारी आपल्याकडे पुष्कळ येतात. कुळकायद्याच्या कलम ४३ मुळे कुळाला मिळालेली जमीन विकण्यावर अटी असतात, हे बाहेरच्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. पण ती अट किंवा कुळाचं नाव सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात छापलेलं असेल आणि तोच उतारा साठेखताला जोडलेला असेल, तर ‘लपवलं’ हे म्हणणं बरंच लंगडं पडतं. बचाव कधी कधी असा एका रकान्यात असतो.

दुसरा प्रश्न सहीचा. सामाईक जमीन एका भावाने “एकट्याची आहे” म्हणून विकली, पण सही स्वतःच्याच नावाने केली. याला बनावट दस्त म्हणायचं का? २००९ च्या मोहम्मद इब्राहिम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. जमीन आपली नसताना आपली म्हणून स्वतःच्या सहीने विकणं कायद्याच्या व्याख्येतलं ‘खोटं दस्तऐवज बनवणं’ होत नाही. फसलेला खरेदीदार फसवणुकीची तक्रार करू शकतो. ज्याला डावललं त्या भावाला मात्र आपली फसवणूक झाली असं या व्यवहारावरून म्हणता येत नाही, त्याची वाट दिवाणी कोर्टाची. सामाईक जमिनीच्या वादात हा निकाल आपल्या वकिलाला आवर्जून विचारा.

पण भावाच्या नावाने दुसऱ्याच कुणी सही केली, तोतया उभा केला किंवा मुखत्यारपत्रच खोटं निघालं, तर चित्र पालटतं.

कलमं न वाचता घाबरणं, किंवा न वाचताच निर्धास्त राहणं

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधी घडलेल्या व्यवहारावर आज गुन्हा नोंदला तरी तो जुन्या दंडविधानाखालीच येतो. जुन्या खरेदीखतावर नवीन कलमं लावली असतील, तर तो मुद्दा पहिल्याच अर्जात मांडायचा.

जुनं ४२० म्हणजे आता ३१८(४), शिक्षा सात वर्षांपर्यंत. विश्वासघाताचं ४०६ आता ३१६(२), पाच वर्षांपर्यंत. तोतयेगिरी ३१९(२), तीही पाच. फसवणुकीसाठी बनावट दस्त केला तर ३३६(३), सात वर्षं. पण खरेदीखत, मृत्युपत्र अशा मौल्यवान दस्ताची बनावट असेल तर ३३८ लागतं, जुनं ४६७, आणि त्यात जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आहे. बनावट दस्त माहीत असून वापरला तर ३४०(२), आणि शिक्षा तो स्वतः बनवल्यासारखीच.

हा फरक अटकेच्या वेळी अंगाशी येतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ३५ मध्ये ती नोटीस आहे. ३३८ लागलं की त्या संरक्षणावर विसंबून राहता येत नाही. फिर्यादीत ३३८ मुद्दाम घुसडलेलं असू शकतं. सही तुमची स्वतःची असेल तर ते टिकणारं नाही, हे अटकपूर्व जामिनाच्या अर्जात ठळकपणे मांडायला हवं.

फसवणूक आणि विश्वासघात ही दोन्ही कलमं एकाच पैशाच्या एकाच व्यवहारावर एकत्र बसत नाहीत, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लब प्रकरणात म्हटलं आहे. विसार घेताना हेतू वाईट होता, की विश्वासाने दिलेले पैसे नंतर हडपले, हे फिर्यादीला निवडावं लागतं. फिर्यादीची प्रत हातात नाही म्हणून अडून राहू नका. संवेदनशील गुन्हे वगळता ती पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकली जाते.

ओळख पटवायला म्हणून सही देणं

रजिस्टर ऑफिसमध्ये दस्त नोंदवताना दोन ओळखदार लागतात. गावात हे काम कुणाचं? कामासाठी तालुक्याला आलेल्या, ओळखीच्या दलालाने “जरा आत ये रे” म्हणून बोलावलेल्या कुणाचंही. तो आधारकार्ड देतो, फोटो काढतो, अंगठा लावतो, चहा पिऊन घरी जातो.

तो दस्त पुन्हा काढून शेवटची पानं बघा. ओळखदाराचा फोटो आहे, अंगठा आहे, आणि दस्त करून देणाऱ्याला आपण व्यक्तिशः ओळखतो, अशा अर्थाचं निवेदन त्याच्या नावावर छापलेलं आहे. दस्त करून देणारी ‘सुलोचना’ तोतया निघाली, की तपास सगळ्यात आधी या माणसाकडे येतो. नोंदणी कायद्याच्या कलम ८२ मध्ये खोटी ओळख देण्याला आणि त्यात मदत करण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

अशा माणसाचा बचाव कशावर उभा राहतो? त्याला पैसे मिळाले नाहीत हे त्याच्या बँक खात्यावरून. तोतयाशी आधी कधी बोलणं नव्हतं हे फोनच्या नोंदींवरून. बोलावलं कुणी, हे त्या दिवशीच्या कॉलवरून. म्हणून फोन विकू नका, बदलू नका, संदेश पुसू नका. “उगाच लफडं नको” म्हणून व्हॉट्सअॅप साफ करणारा निर्दोष माणूस स्वतःचाच पुरावा पुसतो, वर पुरावा नष्ट केल्याचं वेगळं कलम ओढवून घेतो. हे संदेश कोर्टात द्यायचे तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून वेळेवर करून घ्या.

मयताच्या मुखत्यारपत्रावर व्यवहार

मुंबईच्या काकांनी गावच्या पुतण्याला कुलमुखत्यारपत्र दिलं. काका वारले. पुतण्या म्हणतो, पत्र तर रद्द केलेलं नाही. सर्वसाधारण मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं, ते वेगळं रद्द करावं लागत नाही. मृत्यूनंतर त्याच पत्रावर खरेदीखत केलं आणि काका हयात असल्याचं दाखवलं, तर हेतूबद्दल बोलायला फार जागा उरत नाही. मृत्यूची खबर मुखत्याराला खरोखरच लागली नव्हती, हे मात्र खरं उत्तर असू शकतं. मग ते दाखवणारे कागद, पत्रं, कॉल काढा. तेराव्याला तुम्ही हजर असल्याचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडलेले असतील, तर ते उत्तर देऊ नका.

वारस नोंदीत बहिणीचं नाव गाळणं

“ती सासरी गेली, तिला दिलं होतं सगळं.” कोकणातल्या निम्म्या घरांत हे वाक्य ऐकू येतं, आणि मला ते पटत नाही. मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून पहिल्या वर्गाची वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीने आली. तलाठ्यापुढे “आम्ही दोघेच वारस” असं प्रतिज्ञापत्र देणारा भाऊ खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याच्या गुन्ह्यात अडकू शकतो. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी मिळाली, हाही गैरसमज आहे. ती महसुलाची नोंद आहे, मालकीचा निवाडा नाही.

जमीन अजून विकली नसेल तर आजच दुरुस्तीचा अर्ज करा. गुन्हा नोंदण्याआधी स्वतःहून केलेली दुरुस्ती हेतूबद्दल पुष्कळ काही सांगून जाते.

पोलीस ठाण्यात बोलत सुटणं, आणि मागच्या तारखेचे कागद

जबाबावर सही लागत नाही. तपासात पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर तो देणाऱ्याची सही घेऊ नये, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ स्पष्ट सांगतं. विचारलेल्याला उत्तर द्या, पण स्वतःला गुन्ह्यात गोवणारं उत्तर द्यायला संविधानाच्या कलम २०(३) मुळे कुणी भाग पाडू शकत नाही. मूळ कागद दिले तर पंचनामा किंवा पोच घ्या. शक्यतो त्याआधी सगळ्याच्या प्रती काढून ठेवा. घरातल्या साठी ओलांडलेल्यांना किंवा कुठल्याही वयाच्या बाईला साक्षीदार म्हणून बोलावलं, तर त्यांचा जबाब त्या राहतात तिथेच घ्यावा लागतो. आजीला रिक्षात घालून ठाण्यात न्यायची गरज नाही.

आणि कृपा करून मागच्या तारखेचं संमतीपत्र बनवू नका. घाबरलेला माणूस हे हमखास करतो. मुद्रांक कधी आणि कुणी घेतला याची नोंद विक्रेत्याकडे असते, शाई आणि अक्षर तज्ज्ञाकडे जातं. साधा दिवाणी वाद त्या एका कागदाने ३३८ मध्ये जातो, आणि मग सोडवायला कुणाच्या हातात काही उरत नाही.

खरे कागद मात्र वेळ न घालवता जमवा. संगणकावरचा सातबारा पुरत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने हाताने लिहिलेले उतारे आणि फेरफार नोंदी काढा. संगणकीकरणात नावं गळलेली असतात आणि वादाचं मूळ तिथेच सापडतं. तुम्ही खरेदीदार असाल तर जमिनीची मालकी तपासल्याचा वकिलाचा शोध अहवाल, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि बँकेतून दिलेले पैसे हाच तुमचा चांगल्या हेतूचा पुरावा. रोख दिलेला विसार सिद्ध करणं कठीण, आणि जमिनीसाठी वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्यातही बंदी आहे.

नोटीस टाळून मुंबई गाठणं

नोटीस पाळणाऱ्याला पोलिसांनी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. टाळणाऱ्याला करता येते. फरार झालात तर अटकपूर्व जामिनात पहिला मुद्दा तुमच्या विरुद्ध तोच जाईल. अटकपूर्व जामिनाचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली आधी सत्र न्यायालयात जातो, म्हणजे रत्नागिरीत, ओरोसला किंवा अलिबागला. गुन्हा रद्द करण्याचा अर्ज त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात जातो. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, रायगडची मुंबईतच.

पैसे परत दिले, आता संपलं असं मानणं

फसवणुकीचा गुन्हा कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतो, ३३८ चा मिटवता येत नाही. फिर्यादीने ठाण्यात ‘तक्रार नाही’ लिहून दिलं तरी गुन्हा उभाच असतो. २०१२ च्या ग्यान सिंग निकालाप्रमाणे, मुळात दिवाणी स्वरूपाच्या वादात समझोता झाला तर उच्च न्यायालय गुन्हा रद्द करू शकतं. त्यासाठी समझोता लेखी हवा, पैसे बँकेतून गेलेले हवेत, आणि फिर्यादीचं प्रतिज्ञापत्र उच्च न्यायालयात दाखल व्हायला हवं.

कुणी आत असेल तर दिवस मोजा. साठ दिवसांत, किंवा ३३८ सारखं कलम असेल तर नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण त्यासाठी दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज पडायला हवा. वकील लावायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला आणि महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि अर्ज कोठडीतूनही करता येतो.